रोजचे आठ मैल

तुमच्या घरापासून दूध मिळणारं दुकान किती लांब आहे? अर्धा मैल? एक मैल? आणि दूध संपलं की घरातलं कोणीतरी काय करतं? किल्ली उचलतं, गाडी काढतं, सीटबेल्ट लावतं, दोन सिग्नल पार करतं, पार्किंग शोधतं आणि दुधाचा एक गॅलन घेऊन परत येतं. आमच्या घरीही असंच होतं. मी मराठी शाळेत शिकलो, पायी शाळेत गेलो, आणि तरी इथे आल्यावर दोन वर्षांत गाडीशिवाय कोपऱ्यावर जायचं विसरलो. म्हणून या धड्यासाठी मी मुद्दाम अशा एका माणसाची गोष्ट निवडली, जो आयुष्यभर चालला. त्यांचं नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना महर्षी कर्वे म्हणतात, आणि घरचे व जवळचे लोक अण्णा म्हणायचे. आपणही अण्णाच म्हणू.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ ला झाला. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात, शेरवली या त्यांच्या आजोळी. आजोळ म्हणजे आईचं माहेर. वडिलांचं गाव मुरूड, दापोलीजवळ, समुद्राच्या काठावर. (मुंबईजवळचं मुरूड-जंजिरा वेगळं, गोंधळ करू नका.) घरची परिस्थिती बेताची होती. बेताची म्हणजे जेमतेम भागेल इतकीच. अण्णा अंगाने लहानखुरे होते, म्हणजे उंचीला कमी आणि बारीक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्यावरून लवकरच एक घोटाळा होणार आहे.

त्या काळी मराठी सहावीची एक सरकारी परीक्षा असायची. ती पास झालं की शाळेत मास्तरकी किंवा सरकारी नोकरी मिळायची. अण्णांना ती द्यायची होती. परीक्षा होती साताऱ्याला. आता नकाशा काढा आणि बघा: मुरूड समुद्राला लागून आहे, सातारा सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मध्ये डोंगर, जंगल आणि घाट. अंतर शंभर मैलांपेक्षा जास्त. १८७५ चं साल होतं आणि पावसाचे दिवस होते. अण्णा आणि त्यांचे सोबती चालत निघाले. कोकणातला पाऊस तुम्ही सुट्टीत कधी पाहिला असेल तर तुम्हाला कल्पना येईल. ओढे भरलेले, पायवाटा निसरड्या, अंगावरचे कपडे दिवसभर ओले. तसे घाट चढून ती मुलं साताऱ्याला पोचली.

आणि परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांनी अण्णांकडे बघितलं आणि त्यांना बसू दिलं नाही. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवी होती. अण्णांना ती पूर्ण होती. पण दिसायला ते पंधराचेसुद्धा वाटत नव्हते. शंभर मैल चालून आलेल्या मुलाला चेहरा बघून परत पाठवलं! मला ही गोष्ट लहानपणी वाचली तेव्हा फार राग आला होता. अण्णांना काय वाटलं असेल ते तुम्हीच विचार करा. पण ते घरी बसले नाहीत. पुढे ते इंग्रजी शिकले, मुंबईला आले, शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवला आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. शिकवण्या म्हणजे लोकांच्या घरी जाऊन मुलांना शिकवणं. त्यासाठीही मुंबईत पायपीट होतीच.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार मोठं. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अण्णांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं गेलं. लोकमान्य टिळक आधी तिथे गणित शिकवत, त्यांनी ते काम सोडलं होतं. कॉलेजात पगार फार नव्हता. तिथले शिक्षक थोड्या पैशांत काम करायचं ठरवूनच तिथे यायचे.

आता अण्णांनी पुन्हा लग्न करावं असं सगळ्यांना वाटत होतं. त्या काळी पुरुषाची बायको वारली तर तो लगेच दुसरं लग्न करायचा, मग तो चाळीस वर्षांचा का असेना, आणि नवरी दहा-बारा वर्षांची मुलगी असायची. पण बाईचा नवरा वारला तर? तिला विधवा म्हणायचे आणि तिने पुन्हा लग्न करायचं नाही, असा ब्राह्मण समाजात नियम होता. तिचे केस कापून टाकत, लाल रंगाचं साधं लुगडं देत, सणावारात तिला पुढे येऊ देत नसत. आणि लग्नं इतक्या लहान वयात व्हायची की आठ-दहा वर्षांच्या मुलीही विधवा व्हायच्या. तुमच्या वर्गातल्या मुलींएवढ्या. कायद्याने विधवेचं लग्न १८५६ पासून चालत होतं, पण कायदा कागदावर होता, समाज वेगळाच होता.

अण्णांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेत त्या शिकत होत्या. ११ मार्च १८९३ ला त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, आणि पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

लग्नानंतर दोघं मुरूडला गेले, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्या माणसाशी कोणी जेवायचं नाही, त्याला घरी बोलवायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. सख्ख्या भावाने अण्णांना घरात घेतलं असतं तर भावालाही वाळीत टाकलं असतं. अण्णांची आई तिथेच होती. मुलगा गावात आलेला आणि त्याला मोकळेपणाने घरात घेता येत नाही, अशी तिची अवस्था होती. तुम्ही शाळेत कधी एकटे पडला असाल, जेवायच्या सुट्टीत कोणी शेजारी बसलं नसेल, तर याची थोडी चव तुम्हाला माहीत आहे. इथे अख्खं गाव तसं वागत होतं, आणि तेही मोठी माणसं.

अण्णांना एक गोष्ट लवकर कळली. एका विधवेचं लग्न झालं म्हणून हजारो विधवांचं आयुष्य बदलत नाही. सगळ्यांना लग्न करायचं नसतं आणि सगळ्यांची होणारही नव्हती. त्यांना शिक्षण हवं होतं, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहता येईल. (स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे स्वतः कमावणं, कोणावर अवलंबून नसणं.) १८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी ही संस्था काढली. आपल्या बचतीतले एक हजार रुपये त्यांनी तिच्यासाठी दिले.

इथे आपला धडा खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आश्रम पुण्यात सुरू झाला, पण शहरात तो चालवणं सोपं नव्हतं. पुष्कळ लोक रागावलेले होते. त्यात प्लेगची साथ आली. प्लेग हा तेव्हाचा भयंकर आजार, लोक शहर सोडून माळावर झोपड्या बांधून राहात होते. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले या गृहस्थांनी शहराबाहेर हिंगणे नावाच्या गावाजवळ सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. तिला सुमारे पाचशे रुपये खर्च आला. झोपडीत मूठभर मुली आणि बाया राहायला आल्या. आजूबाजूला शेतं आणि झाडी. शाळा, दुकान, डॉक्टर, काहीच जवळ नाही.

पुण्यापासून हिंगणे चार मैल लांब होतं. चार मैल म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. अण्णांची नोकरी फर्ग्युसन कॉलेजात. म्हणून त्यांचा दिवस असा असायचा: दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी हिंगण्याला चालत जायचं, जाताना आश्रमाला लागणारं सामान बरोबर न्यायचं, तिथे मुलींना शिकवायचं, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचं. चार मैल जायचे, चार मैल यायचे. असं एक-दोन दिवस नाही, महिनोन्‌महिने चाललं.

आता थोडं गणित करू, कारण अण्णा गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांना आवडलं असतं. भरभर चालणारा माणूस तासाला तीन मैल चालतो. म्हणजे एका बाजूला एक तास वीस मिनिटं. रोजचे दोन तास चाळीस मिनिटं. पावसाळ्यात याहून जास्त, कारण तिकडची माती काळी. काळी माती ओली झाली की पायाला चिकटते, पाय उचलावा तर मातीचा गोळा बरोबर येतो. तिथे आजच्यासारखा डांबरी रस्ता नव्हता आणि अंधार पडल्यावर दिवेही नव्हते.

तुम्ही विचाराल, दुसरं काही नव्हतं का? होतं. पुण्यात घोड्याचे टांगे होते. पण रोज टांगा करायचा तर भाडं द्यावं लागणार, आणि ते पैसे कुठून येणार? अण्णा आश्रमासाठी घरोघरी जाऊन वर्गणी मागत होते. सायकली होत्या, पण त्या परदेशातून यायच्या आणि महाग असायच्या. भारतात सायकलींचे कारखाने निघायला अजून कितीतरी वर्षं होती. मोटारी तर जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे अण्णा चालले, ते काही व्यायाम म्हणून नाही, पृथ्वी वाचवण्यासाठीही नाही. काम तिकडे होतं आणि पाय इकडे होते, इतकं साधं आहे ते.

पण मला त्या चार मैलांबद्दल आणखी एक गोष्ट दिसते. ते अंतर का होतं? प्लेगमुळे, हो. जमीन तिथे मिळाली म्हणून, हेही खरं. पण त्याच्या मागे हेही होतं की शहरातल्या मोठ्या वाड्यांमध्ये या मुलींना कोणाला जागा द्यायची नव्हती. समाजाने त्यांना चार मैल लांब ठेवलं होतं. आणि ते अंतर एक माणूस रोज दोनदा पायांनी पार करत होता.

याची किंमत घरच्यांनीही दिली, आणि ती गोष्ट धड्यांमध्ये सहसा सांगत नाहीत. अण्णा रात्री हिंगण्याला, मग पुण्यातल्या घरी कोण? बाया आणि लहान मुलं. बरं, बायांनी आश्रमात जाऊन राहावं, तर तेही सुरुवातीला चालण्यासारखं नव्हतं. का? कारण त्यांनी पुनर्विवाह केला होता. लोकांना आधीच भीती होती की या आश्रमात आमच्या मुलींची पुन्हा लग्नं लावतील. बाया तिथे दिसल्या असत्या तर आईवडिलांनी मुली पाठवल्याच नसत्या. म्हणजे बघा, ज्या बाईच्या आयुष्यावरून ही सगळी गोष्ट सुरू झाली, तिलाच त्या झोपडीपासून लांब राहावं लागलं. शिवाय अण्णांनी घरातले पैसे आश्रमाला दिले, आपल्या विम्याची पॉलिसीसुद्धा. बाया चिडल्या, आणि माझ्या मते त्यांचं चिडणं बरोबर होतं. मुलांच्या जेवणाचं बघायला त्या होत्या ना! त्या नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकल्या, म्हणजे बाळंतपण करायला शिकल्या, आणि घराला हातभार लावला. पुढे त्यांनी आपली आठवण स्वतः सांगितली, ती माझे पुराण या पुस्तकात आहे. मोठे झालात की नक्की वाचा. अण्णा त्यात देव नाहीत, एक हट्टी नवरा आहेत.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे गोळा करत गावोगाव फिरल्या. पुढे त्या चक्क अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हतं, तरी लोकांच्या घरी कामं करत राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी मदत घेऊन आल्या. तुमच्यापैकी अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: तुमचे आईबाबा इथे यायच्या कितीतरी आधी एक मराठी विधवा बाई एकटी इथे येऊन गेली होती.

हळूहळू झोपडीच्या शेजारी इमारती झाल्या. १९०७ मध्ये मुलींसाठी महिला विद्यालय सुरू झालं. म्हणजे आता फक्त विधवांसाठी नाही, लग्न न झालेल्या मुलींसाठीही शाळा. १९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. आपण असतो तर आरामखुर्ची घेतली असती. अण्णांच्या हातात जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. ती वाचून त्यांना वाटलं, आपल्याकडे असं का नसावं? १९१६ मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. विद्यार्थिनी होत्या मोजून पाच-सहा! १९२० मध्ये मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. तुमच्या आजीला किंवा मावशीला विचारा, नातेवाइकांत कोणीतरी एसएनडीटीला शिकलेलं निघेलच.

१९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. हा प्रवास अर्थातच बोटीने आणि रेल्वेने. बर्लिनला ते आल्बर्ट आइन्स्टाइन यांना भेटले. त्यानंतर ते बायांबरोबर पूर्व आफ्रिकेतही गेले, तिथल्या भारतीय लोकांना शिक्षणासाठी मदत मागत फिरले. त्यांचा मुलगा शंकर तिकडे डॉक्टर होता. म्हणजे परदेशात राहणारी मराठी मुलं-नातवंडं ही गोष्ट अण्णांच्या घरातही होती.

चूक किंवा कमीपणा नव्हताच का? होता. सुरुवातीला आश्रमात मुख्यतः ब्राह्मण मुलीच होत्या. इतर जातींच्या बायकांचे प्रश्न त्यात आले नव्हते. पुढे त्यांनी यावरही विचार केला असं दिसतं. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांमध्ये प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ सुरू केलं. त्यासाठी ते पुण्यात दारोदार जाऊन पैसे गोळा करायचे. पुन्हा पायपीट! १९४४ मध्ये त्यांनी समता संघ काढला. समता म्हणजे सगळे सारखे.

१९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि १९५८ मध्ये भारतरत्न. त्या वर्षी ते शंभर वर्षांचे झाले होते. ९ नोव्हेंबर १९६२ ला, एकशे चार वर्षांचे असताना, ते वारले. चालल्यामुळेच ते इतके जगले असं मी म्हणणार नाही. चालणारे सगळे शंभरी गाठत नाहीत. पण रोज आठ मैल चालून त्यांचं वाईट झालं नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

आता आजचं पुणं. हिंगण्याच्या त्या भागाला आज कर्वेनगर म्हणतात. डेक्कनहून तिकडे जाणाऱ्या रस्त्याला कर्वे रोड. त्या रस्त्यावर गाड्यांची इतकी गर्दी असते की नळ स्टॉपला दोन मजली पूल बांधला आहे, खाली गाड्या आणि वर मेट्रो. एकेकाळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. मग स्कूटर आल्या. गंमत अशी की पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून जिचं नाव सांगतात त्या इरावती कर्वे, अण्णांच्याच सूनबाई! बाईने स्कूटर चालवणं ही तेव्हा मोठी धीट गोष्ट होती. आज त्याच रस्त्यावर लोक कोथिंबिरीची जुडी आणायला स्कूटर काढतात. मीही पुण्यात गेलो की भाच्याच्या स्कूटरवर मागे बसतो, त्यामुळे मी कोणाला फार बोलू शकत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. काही ठिकाणी पायी जायला फुटपाथच नसतो, काही ठिकाणी रस्ता ओलांडणं धोक्याचं असतं, आणि बर्फात सायकल चालवायला मीही सांगणार नाही. पण दुकान अर्ध्या मैलावर असेल आणि फुटपाथ असेल, तर दहा मिनिटं लागतात. गाडी काढून, पार्किंग शोधून कधीकधी तेवढीच लागतात. एकदा घड्याळ लावून बघा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

आणि सुट्टीत पुण्याला गेलात तर एक करा. फर्ग्युसन कॉलेजच्या दारापासून निघा. डेक्कनला या, मग कर्वे रोड धरा. वाटेत गरवारे कॉलेज लागेल, नळ स्टॉप लागेल, जवळच एसएनडीटी कॉलेज दिसेल. पुढे कोथरूडला अण्णांचा पुतळा आहे, तिथून कर्वेनगरकडे वळा. अण्णांची वाट अगदी हीच नव्हती, पण दिशा हीच. कर्वेनगरला त्यांची संस्था आहे, आज तिथे हजारो मुली शिकतात, आणि त्यांच्यामध्ये ती पहिली झोपडी अजून जपून ठेवली आहे. सव्वा ते दीड तास लागेल. पाण्याची बाटली घ्या, मोठ्या कोणालातरी बरोबर घ्या, आणि दुपारच्या उन्हात निघू नका. परत येताना रिक्षा केलीत तरी चालेल.